दालच्याचं घमेलं

त्रिवेणीबाई बिरादारांचा आवाज एके काळी अर्ध्या हैदराबादनं ऐकला, तोंड मात्र कुणी पाहिलं नाही. एकतीस वर्षं त्या नामपल्ली स्टेशनात काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायच्या. "दयचेसि विनंडीऽऽ", म्हणजे कृपया ऐका, असा तेलुगूत सूर लावला की डोक्यावर ट्रंक घेतलेला हमालसुद्धा जागच्या जागी थांबायचा, असं त्या स्वतःच सांगतात. हमालाला विचारायला कोण जातंय! तेलुगूत एकदा, हिंदीत एकदा, इंग्रजीत एकदा. मराठी तेवढी तिथं कुणी मागितली नाही, म्हणून ती त्यांनी घरासाठी राखून ठेवली.

पुढं मशीनमधली बाई आली. तिला शिंक येत नाही, रजा लागत नाही, आणि गाडी पाच तास लेट असली तरी आवाजात लाज नाही. "लग्न न करता सवत मिळालेली बरकतपुऱ्यातली मी एकटीच," त्रिवेणीबाई म्हणायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या मात्र चौथीच वस्तू पदराखाली घेऊन घरी आल्या. अनाउन्समेंटच्या टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात, एक मांजराचं पिल्लू झोपायचं, ते. रंग थेट लग्नाच्या पंगतीत बगारा भातावर वाढतात त्या आंबट डाळीचा, दालच्याचा, तांबूस पिवळा, मध्ये मध्ये भोपळ्याच्या फोडींसारखे पांढरे डाग. नाव दुसरं ठेवणार काय? दालचा.

दालचा मोठा झाला, ऑपरेशन झालं, सोफ्यावर मावेना एवढा सुटला, पण 'ये रे मन्या, ये रे सोन्या' असल्या लाडांना त्यानं कधी कान हलवला नाही. त्याला सूर लागायचा. "कृपया ध्यान दीजिए, दूध प्लॅटफॉर्म नंबर एक पर आ रहा है," असं स्वयंपाकघरातून आलं की पठ्ठ्या शेपटीचा सिग्नल उभा करून हजर. बाल्कनीत नळाशेजारी त्याचं हिरवं घमेलं. त्यात बारीक वाळू. सकाळ-संध्याकाळ तो तिथं जायचा, उकरायचा, बसायचा, झाकायचा आणि उपकार केल्यासारखा बाहेर यायचा. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही.

मधल्या काळात त्रिवेणीबाईंनाही ती सगळ्या जगाला झालेली साथ होऊन गेली. ताप गेला, खोकला गेला, आणि जाता जाता नाकाचा वास घेऊन गेला. बाकी सगळं परत आलं, वास आला नाही. मोगरा आणि बोंबील त्यांना एकच. दूध करपलं तर धूर दिसल्यावर कळायचं. गॅसचं बटण त्या दिवसातून दहादा चाचपायच्या. ही गोष्ट त्यांनी कुणाला फारशी सांगितली नव्हती. आवाजावर पोट भरलेल्या बाईनं नाकाचं रडगाणं काय गायचं?

मग यंदा संक्रांतीच्या आधी तारामतीवहिनी राहायला आल्या. त्रिवेणीबाईंचे थोरले भाऊ लक्ष्मणराव वारले, विद्यानगरचं घर विकलं गेलं, आणि मुलगा रितेश म्हणाला, आई, बंगलोरला चल. वहिनी एकदा जाऊन आल्या. "तिथं लिफ्टमधी बी लोक इंग्रजी बोलतेत," एवढंच सांगून त्यांनी दोन ट्रंका, देव्हारा आणि एक गोधडी बरकतपुऱ्याला आणली. गोधडी लक्ष्मणरावांच्या जुन्या धोतरांची होती, वहिनींनीच शिवलेली. ती पांघरायची नाही, उशाशी ठेवायची.

वहिनी बहात्तरच्या, त्रिवेणीबाई सहासष्टच्या, तरी वहिनी त्यांना 'वन्सं' आणि 'तुम्ही'च म्हणायच्या. नणंद ती नणंद. दालच्याशी मात्र पहिल्या दिवसापासून सीमारेषा आखली गेली.

"वन्सं, आंघोळ झाल्याबिगर मी चुलीला हात लावत न्हाई, आन् आंघोळ झाल्यावर मांजराला. तेचं तेवढं घमेलं माज्या नजरेला पडू देऊ नगा."

"बाल्कनीत असतं वहिनी, कोपऱ्यात."

"नजर जातीच की वो कोपऱ्यात."

दालच्यानं हे सगळं ऐकलं, जांभई दिली आणि वहिनींच्या ट्रंकेवर जाऊन झोपला.

महिना बरा गेला. रथसप्तमीला इमारतीतल्या बायका तिळगुळाला आल्या. यंदा त्या जरा लवकरच उठल्या. त्रिवेणीबाईंना वाटलं, मुलांच्या परीक्षा असतील. त्यानंतर पंधरा दिवसांत पहिला प्रकार झाला. दालच्यानं पायपुसण्यावर उरकलं.

त्रिवेणीबाई त्यावरून तीनदा गेल्या, त्यांना काही कळलं नाही. वहिनींनी दारातूनच हाक घातली.

"वन्सं! पाय उचला! हितं त्येनं काम केलंय!"

"कोण त्यानं?"

"हितं दोनच बाया ऱ्हातेत, आन् त्या दोघी मी वळखते. कोन म्हून काय इचारता!"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर. मग दोन दिवस नीट घमेल्यात. मग सोफ्याच्या पायाशी. त्रिवेणीबाईंनी वाळू बदलली. घमेल्याला पाठीमागून पुठ्ठा लावून आडोसा केला. शेवटी खास सूर लावून पुकारलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें, दालचा एक्सप्रेस अपने निर्धारित स्थान पर ही रुकेगी." दालचा घमेल्यापर्यंत आला, काठावर नाक नेलं, पुढचा पंजा झटकला, जणू ओल्यात पडला, आणि मागच्या मागं फिरला.

वरच्या मजल्यावरची अपर्णा पुण्याची. नवराबायको दोघं कॉम्प्युटरवाले, घरात मांजर नाही पण मांजराबद्दलचं सगळं ज्ञान फोनमध्ये. ती चहाला आली आणि म्हणाली, "अहो काकू, अ‍ॅक्च्युअली ना, ते बिहेविअरल असतं. तो अटेन्शन सीक करतोय."

"म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे त्याला ना, लक्ष हवंय."

"लक्ष देऊन देऊन फरशी पुसायलेय की मी," वहिनी म्हणाल्या. "आनखी किती द्यावं?"

मार्चमध्ये वहिनी दोन दिवस विद्यानगरला गेल्या, जुन्या शेजारणीच्या नातीचं लग्न होतं. परत आल्या त्या चप्पल काढतानाच त्यांनी विचारलं, "कुटं कुटं केलं?"

"कुठंच नाही!" त्रिवेणीबाई आनंदानं म्हणाल्या. "दोन्ही दिवस घमेल्यात. एकदम राइट टाइम."

वहिनी आत गेल्या. पाय धुतले, देवाला दिवा लावला. तिसऱ्या दिवशी दालच्यानं पुन्हा पायपुसणं गाठलं, तेव्हा त्या फडकं हातात घेऊन बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्रिवेणीबाईंच्या ते नजरेला आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

आणि उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी त्यानं गोधडी भिजवली.

वहिनी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. बादलीत पाणी घेतलं, गोधडी बुडवली, तीनदा पिळली, दांडीवर टाकली. धोतरांचे पांढरे पट्टे उन्हात वाळत राहिले. मग त्या खोलीत गेल्या आणि ट्रंकेच्या कड्या वाजल्या.

"वहिनी, हे काय?"

"रितेशला फोन केलाय. तेनं तिकीट काढतो म्हणलंय."

"एका मांजरापायी?"

"मांजराचं काय चुकलं वो? तेचं घर हाय. सा वर्सं गुमान ऱ्हायलं. मी आले आन् तेचं बिनसलं. मी दोन दीस न्हवते तर कसं नीट वागलं! जनावराला कळतंय, वन्सं. मान्सं तोंडावर बोलत न्हाईत, जनावरं मुतून सांगतेत." वहिनी हसायला गेल्या, ते जमलं नाही. "घरातलं एक मानूस जास्त झालंय, असं सांगायलंय त्ये."

त्रिवेणीबाई बाहेर येऊन सोफ्यावर बसल्या. दालचा मांडीवर आला. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्या पुकारल्या होत्या, आणि घरी परत आल्यावर 'जेवलात का' असं विचारणारं कुणी पहिल्यांदाच, गेल्या तीन महिन्यांत, भेटलं होतं. वहिनी कुरकुरत विचारायच्या, पण विचारायच्या. दुसरीकडं मांडीवर हे साडेपाच किलोचं ऊन घुरघुरत होतं. दोघांपैकी एकाची गाडी सुटणार होती, आणि कुणाची ते त्यांना ठरवायचं होतं.

संध्याकाळी त्या वर अपर्णाकडे गेल्या. अपर्णाच्या ऑफिसातल्या पुष्करचं शंकरपल्लीकडे शेत होतं, त्याला मांजर हवंच होतं. "काकू, तिथं तो मस्त एन्जॉय करेल," अपर्णा म्हणाली. रविवारी सकाळी नऊला पुष्कर येणार. फक्त इंजेक्शनं दिलेली असली पाहिजेत.

"वहिनी, तिकीट रद्द करा," खाली येऊन त्रिवेणीबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, मशीनमधल्या बाईसारखा. "जाणार तो दालचा जाणार. भावाची बायको मी घराबाहेर काढायची नाही."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

शनिवारी दोघी दालच्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघाल्या. मांजर न्यायची पेटी घरात नव्हती. दालच्याला त्याच्याच हिरव्या घमेल्यात बसवलं, वाळू काढून. वर भाजीची जाळीची टोपली पालथी घातली आणि जुन्या साडीच्या काठानं दोन्ही करकचून बांधलं. ऑटोत बसल्यापासून दालच्यानं असा टाहो फोडला की ऑटोवाला आरशात बघत म्हणाला, "अम्मा, अंदर बिल्ली है या मुशायरा?"

"चुप बैठो मियाँ, गाडी चलाव," त्रिवेणीबाई म्हणाल्या. आवाजात अजून दम होता. ऑटोवाला चुप बसला. दालचा नाही.

डॉक्टर विजय तरुण, आडवा आणि हसरा. टेबलावर घमेलं ठेवलं, काठ सोडला, टोपली उचलली, आत वाकला आणि सलग तीन वेळा शिंकला.

"अय्यो! कैकू लाए अम्मा इसकू?"

"इंजेक्शन. गावाला पाठवायचा, देदेना है किसीको." आणि मग त्रिवेणीबाईंनी सगळं सांगितलं. पायपुसणं, गठ्ठा, सोफा, वहिनी नव्हत्या ते दोन दिवस, गोधडी. वहिनी दाराजवळच्या बाकावर भिंतीला चिकटून बसल्या होत्या.

डॉक्टरनं दालच्याचं पोट दाबून पाहिलं. "पेशाब में खून? नै? बैठ को जोर लगाता क्या? नै. पेट नरम है. अच्छा है. घर में नया कोई आया क्या?"

बाकावरून बारीक आवाज आला, "मी आले."

"और डब्बा किस्से धोते?"

"गरम पाण्यानं," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "सिर्फ गरम पानी. छे साल से."

"फिनाइल नै डालते?"

"नक्को नक्को, कभीच नै!"

डॉक्टरनं घमेलं उचललं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "फिर ये क्या है अम्मा? पूरा फिनाइल का डब्बा है ये. मेरेकू दो फुट से छींक आरी. आपकू बास नै आरी?"

त्रिवेणीबाईंनी नाक घमेल्यात घातलं. ओढून ओढून श्वास घेतला. हिरवं प्लॅस्टिक दिसत होतं, वास नव्हता. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, गाडीचा नंबर विसरलेल्या माणसासारखा झाला होता.

"मला वास येत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. मराठीतच. "चार वर्षं झाली."

 डॉक्टरला सगळं समजलं की नाही कोण जाणे, पण त्याचं हसू मवाळ झालं. "बिल्ली कू फिनाइल बिल्कुल नक्को. पाँव कू लगता, चाट लेती, पेट में जाता. जहर है उसकू. और उसकी नाक अपने से दस गुना तेज. आपकू कोई तेजाब के डब्बे पे बिठाया तो आप बैठते क्या? पर ये धो कौन रा है?"

बाकावरच्या वहिनी उठल्या. हळूहळू टेबलापाशी आल्या आणि शाळेत उभ्या राहिलेल्या पोरीसारखी बोटं गुंतवून म्हणाल्या, "मी."

"तुम्ही?" त्रिवेणीबाई म्हणाल्या. "तुम्ही तर नजरेला पडू देत नव्हता!"

"आंघोळीआधी," वहिनी म्हणाल्या. "रोज पाचला उठून, तुमी झोपलेल्या असता तवा. वाळू पेपरावर काढायची, घमेलं घासायचं, दोन टोपनं फिनेल वतायचं, वाळू परत भरायची. मग आंघोळ. तेनं भायेर करायला लागलं, मी म्हणलं अजून घान ऱ्हाती असंल, मग तीन टोपनं केली."

"पण का वहिनी? मी धूत होते की!"

वहिनींनी डॉक्टरकडं पाहिलं. मराठी कितपत कळतं याचा अंदाज घेतला आणि आवाज खाली आणला.

"तिळगुळाला ती समोरची आली न्हवती का? नाकाला पदर लावून बसली. आन् दुसऱ्या दोघी जिन्यात हासल्या. घमेल्याचा वास येत हुता, वन्सं, थोडा. मांजराच्या घरात येनारच की. तुमी मातर अत्तर लावायलता सगळ्यांच्या हाताला, हासत हासत. तुमाला कायबी कळंना. मी तवाच वळखलं, तुमचं नाक गेलंय म्हून. तुमी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. पर तुमच्या घराला कुनी नाक मुरडावं, ह्ये मला बघवंना."

त्रिवेणीबाई पुढं झाल्या. त्यांनी वहिनींचा हात धरला. घमेलं घासून घासून त्या बोटांची कातडी पांढरी पडली होती.

डॉक्टरनं तेवढ्यात गुपचूप दालच्याला इंजेक्शन टोचलं. "ये आपसे नाराज नै है अम्मा," तो वहिनींना म्हणाला. "फिनाइल से नाराज है. आप जाने के बाद फिनाइल बी गया ना, इसलिए वो खुश. नया डब्बा लेओ, सादी रेती डालो, बस. और टाइम देओ. कल के कल सुधरता बोल को मैं नै बोलता."

पण वेळच तर नव्हता. रविवारी नऊला पुष्कर येणार होता.

परतताना दोघी काचीगुड्याच्या चौकात उतरल्या. नवं घमेलं वहिनींनी निवडलं, निळं, काठानं बसकं. "अंगानं जड झालंय ते, पाय किती उचलंल," त्या म्हणाल्या. गल्लीच्या टोकाला बांधकाम चालू होतं, तिथून वॉचमनला विचारून पिशवीभर वाळू आणली. वहिनींनी ती पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळली, धुतली, गच्चीत वाळवली. फिनाइलची बाटली रांगोळीच्या डब्यामागून निघाली आणि खाली झाडूवालीकडं गेली. बाल्कनी साध्या पाण्यानं चारदा धुतली. वहिनी हुंगून बघायच्या आणि सांगायच्या, "अजून येतोय. अजून. आता बारीक. आता गेला."

त्या दिवशी दालच्यानं घमेल्याला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि बाथरूमच्या जाळीवर जाऊन बसला.

रविवारी सहापासून दोघी स्वयंपाकघरात पाटावर. तिथून बाल्कनीचा कोपरा दिसतो, पण मांजराला आपण दिसत नाही, असा वहिनींचा हिशेब. सात वाजले. दालचा दूध प्याला. साडेसात. अंग चाटलं. आठ. कबुतराकडं पाहिलं.

"मी एकदा पुकारू का?" त्रिवेणीबाईंनी कुजबुजून विचारलं.

"गप बसा वो. तुमी बसलेल्या असताना तुमाला कुनी पुकारलं तर चालंल का?"

साडेआठला अपर्णाचा फोन आला, "काकू, पुष्कर ऑन द वे आहे हं." त्रिवेणीबाईंनी फोन पालथा ठेवला. दालच्याची दुधाची वाटी, त्याचा टॉवेल, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं होतं. त्या पिशवीकडं बघायचं नाही असं ठरवून त्या सारख्या तिकडंच बघत होत्या.

नवाला पाच कमी असताना दालचा उठला. आळस दिला. बाल्कनीत गेला. निळ्या काठावर नाक टेकवलं, बराच वेळ. दोघींनी श्वास धरला. त्यानं एक पाय आत टाकला. दुसरा. उकरलं. आणि बसला, लांब नजर लावून, गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारखा.

वहिनींनी त्रिवेणीबाईंचं मनगट घट्ट धरलं. आणि ज्या बाईनं जन्मात कधी चारचौघांत आवाज वर काढला नव्हता, तिनं नाकातून, लांबवत, अगदी हुबेहूब सूर लावला: "दयचेसि विनंडीऽऽ... दालचा एक्सप्रेसऽऽ... पलाटफारम नंबर एकवर... येऊन पोचलेली हायेऽऽ!"

दालच्यानं चमकून वळून पाहिलं, पण काम अर्धवट सोडलं नाही.

घंटी वाजली तेव्हा त्रिवेणीबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. दारात पुष्कर, हातात नवी कोरी मांजराची पेटी. त्यांनी त्याला आत घेतलं, उपीट वाढलं, दोनदा वाढलं, आणि मग सांगितलं, "बाळा, चूक झाली. ही गाडी रद्द आहे." पोरगा भला. पेटी मात्र तुम्हीच ठेवा म्हणाला, डॉक्टरकडं जायला.

बुधवारी दालच्यानं पुन्हा एकदा पायपुसणं भिजवलं. वहिनींनी ते उचललं, धुतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सवय हाय, जाईल." रितेशचा फोन आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "न्हाई रे बाबा, आता जमायचं न्हाई यायला. हितं माजी ड्युटी लागलीया. नाकाची. कसली म्हंजे? तुला न्हाई कळायचं."

ड्युटी खरंच लागली होती. दूध उतू जायच्या आधी वहिनी हाक द्यायच्या. घमेल्याची वाळू कधी बदलायची ते त्याच ठरवायच्या, उघडपणे, सकाळी सातला, आंघोळीआधी. आणि संध्याकाळी दोघी बाल्कनीत बसल्या की, दालचा मध्ये, दांडीवर वाळलेली गोधडी मागं, त्रिवेणीबाई हळूच विचारायच्या, "आत्ता काय येतंय?"

"खालच्या घरात लसणाची फोडनी," वहिनी नाक वर करून सांगायच्या. "कोपऱ्यावरच्या हाटेलात इरानी च्या. कुनाच्या तरी गजऱ्यातला मोगरा, आता जिन्यावरनं गेली ती. आन् रोडवर पानी मारलंय, मातीचा..."

"थांबा, थांबा," त्रिवेणीबाई डोळे मिटून म्हणायच्या. "मोगऱ्याचं परत सांगा. सावकाश."